मार्क वन एमएक्स-5 चं स्टेअरिंग ढिलं लागतंय? रॅक मागवायच्या आधी प्ले कुठून येतोय ते शोधा

ज्यांच्याकडे माझदा एमएक्स-5 ची पहिली पिढी आहे, म्हणजे 1989 ते 1997 मधली, हेडलाइट वर उघडणारी, मग ती इथल्या यूके शोरूममधून गेलेली असो नाहीतर जपानहून आणलेली युनोस रोडस्टर असो, त्यांना या गाडीचं स्टेअरिंग काय चीज आहे हे सांगायला नको. वजन टनाच्या आसपास, चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी आर्म), ड्राइव्ह मागच्या चाकांना, त्यामुळे रस्त्यावरचा बारीक खडासुद्धा हाताला कळतो. आणि म्हणूनच हे स्टेअरिंग ढिलं पडलं की गाडीतला जीवच गेल्यासारखं होतं. आता यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा पंचवीस वर्षांच्या पुढची आहे, इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, खड्डे आहेतच, तर स्टेअरिंगचे जॉइंट झिजणारच.

मी इंग्लंडात, लेस्टरजवळ राहतो, माझी 1.6 आहे, पॉवर स्टेअरिंगवाली. तीन वर्षांपूर्वी ती मोटरवेवर सरळ जाईना, सतत थोडं डावीकडे थोडं उजवीकडे करत बसावं लागायचं, आणि पार्किंगमध्ये हळू वळवताना पुढून टक असा आवाज. एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी पाच मिनिटं बघून सांगितलं की रॅक (स्टेअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) गेलाय, पूर्ण बदला, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो. नंतर घरी स्वतः एकेक जॉइंट हात लावून तपासला तर डावीकडचा टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाचा जोड) गेलेला आणि स्टेअरिंग शाफ्टचा एक बोल्ट ढिला, बस्स. रॅक ठणठणीत होता, आजही तोच आहे. म्हणून हे एवढं लिहितोय, कारण या गाडीत रॅक जाण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूचं काहीतरी जाण्याची शक्यता फार जास्त, आणि ते आजूबाजूचं सामान स्वस्त असतं आणि घरच्या अंगणात बदलता येतं.

एक शब्दाचं आधीच सांगतो, आपण ज्याला टाय रॉड एंड म्हणतो त्याला इथले लोक ट्रॅक रॉड एंड म्हणतात, एमओटीच्या, म्हणजे इथल्या वार्षिक गाडी-तपासणीच्या, कागदावर तेच लिहून येतं, तर पार्ट मागवताना गोंधळ नको.

सुरुवात टायरपासून

हो, टायरपासूनच. स्टेअरिंग गेलं म्हणून लोक पार्ट मागवतात आणि निघतं काय तर एका चाकात हवा 18. या गाडीला कंपनीनं सांगितलेली हवा 26 पीएसआय आहे, 185/60 आर14 टायरला. आजकालच्या गाड्यांची सवय असलेली माणसं 34-35 भरतात आणि मग गाडी खडबडीत, उडती लागते. आधी चारही चाकांत हवा नीट करा, टायर किती जुने आहेत ते साइडवॉलवरच्या चार आकडी कोडवरून बघा (पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष), कारण या गाड्या कमी चालतात, टायरची नक्षी नवीकोरी दिसते पण रबर दगड झालेलं असतं.

मग पुढच्या टायरवरून तळहात फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) बिघडलाय, आणि टो आपोआप बिघडत नाही, एकतर कुणीतरी चुकीचा सेट केला नाहीतर जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय.

आणि एक, जर तुमची तक्रार अशी असेल की 55 ते 65 मैलांच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं आणि त्याच्या वर-खाली थांबतं, तर ते बहुतेक वेळा व्हील बॅलन्सिंग आहे. या गाडीला बॅलन्सिंगचा भयंकर त्रास आहे, हलकी गाडी आणि हलकी चाकं, पाच-दहा ग्रॅमचा फरकही हाताला येतो. चांगल्या माणसाकडून बॅलन्सिंग करून घ्या आणि मगच पुढे जा. पण झिजलेला जॉइंट ही थरथर वाढवतो हेही खरं, म्हणून बॅलन्सिंगनंतरही थोडी उरली तर खाली वाचत राहा.

दोन माणसं, एक गाडी

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि हिला पैसा लागत नाही, फक्त एक माणूस लागतो जो कंटाळणार नाही. माझ्याकडे मेहुणा आला होता सुट्टीला, त्याला बसवला.

गाडी चारही चाकांवर जमिनीवरच उभी ठेवा, जॅक नको, कारण वजन असतानाचा प्ले शोधायचाय. पुढच्या नाकाखाली प्लास्टिकचा ट्रे आहे तो आधी काढून ठेवा, त्याशिवाय रॅक दिसत नाही. किल्ली फिरवून स्टेअरिंग लॉक सोडवा, इंजिन बंदच. आता आतल्या माणसाला सांगा की स्टेअरिंग पटपट डावीकडे-उजवीकडे हलव, पण अगदी थोडं, दोन बोटं इकडे दोन बोटं तिकडे, चाक वळेपर्यंत नाही. तुम्ही पुढून खाली झोपा. या गाडीचा रॅक चाकांच्या मधल्या रेषेच्या पुढे आहे, त्यामुळे टाय रॉड पुढच्या बाजूनं हाताला येतात, ही सोय आहे.

आता बाहेरच्या एंडवर बोटं अशी ठेवा की अर्धं बोट एंडच्या बुडख्यावर आणि अर्धं नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याच्या) दांड्यावर, जिथे दोघांचा जोड आहे तिथं. जॉइंट चांगला असेल तर दोन्ही तुकडे एकदम हलतात, बोटाला एकच हालचाल कळते. गेला असेल तर आधी रॉड हलतो, मग अगदी पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळानं नकल हलतं, आणि मध्ये बोटाला एक टिक लागते. मला आवाज ऐकू आलाच नव्हता, इंग्लंडातला पाऊस वरून पडत होता, पण बोटाला टिक एवढी स्पष्ट लागली की मी खालूनच ओरडलो थांब थांब परत कर. डोळ्यांनी बघून हे कळत नाही, धूळ आणि ग्रीसखाली सगळं सारखंच दिसतं. सांगलीला आमच्याकडे पद्मिनी होती तेव्हा वडील मला हेच करायला लावायचे, ते स्टेअरिंगवर आणि मी खाली, म्हणायचे आधी हात लाव मग पाना लाव. पद्मिनीला रॅक नव्हता, स्टेअरिंग बॉक्स होता, तरी पद्धत तीच.

बाहेरचा एंड झाला की आतल्याकडे या. आतला बॉल जॉइंट (गोळी-वाटीचा जोड) रबरी बुटाच्या, म्हणजे रॅकच्या टोकावरच्या सुरकुत्यांच्या आवरणाच्या, आत असतो, दिसत नाही, तर बूटच मुठीत दाबून धरा म्हणजे आतला जॉइंट बोटांत येतो, आणि परत तीच टिक शोधा. बूट फाटलेला असेल तर आत पाणी आणि वाळू गेलेलीच समजा. आणि बूट दाबल्यावर आत पचपच लागलं, किंवा क्लिप सैल केल्यावर लालसर तेल गळलं, तर ते पॉवर स्टेअरिंगमधलं तेल, एटीएफ, आहे, रॅकचं सील गेलंय. ही एक खूण आहे जिथं रॅक खरंच काढावा लागतो.

मग रॅकच्या दोन्ही माउंटिंगवर हात. स्टेअरिंग हलवताना रॅकची नळी क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या सांगाड्याच्या) तुलनेत सरकते का बघा, सरकत असेल तर माउंटिंगची रबरं गेली किंवा बोल्ट ढिले. नंतर वर, जिथे स्टेअरिंगचा शाफ्ट रॅकच्या पिनियनला (रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाला) जुळतो, तिथं छोटा युनिव्हर्सल जॉइंट आहे, त्याच्या वरच्या आणि खालच्या भागावर दोन बोटं ठेवा. इथेच माझा पिंच बोल्ट (जोड शाफ्टवर आवळून धरणारा) ढिला निघाला, पाव फेरा बसला आणि अर्धा प्ले गेला. हा बोल्ट सुटला तर स्टेअरिंग आणि चाकांचा संबंधच तुटतो, त्यामुळे प्ले असो नसो, हा बोल्ट एकदा तपासाच.

रॅकच्या पाठीवर एक मोठा प्लग असतो, त्याच्या आत स्प्रिंग आणि योक, त्यानं रॅकचा दांडा पिनियनवर दाबून ठेवलेला असतो. तो घट्ट केला की प्ले जातो असं कुणी सांगितलं तर लगेच करू नका. दांत मधोमध जास्त झिजतात कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते, मग मधला प्ले काढायला तो आवळला की टोकाला रॅक अडकतो, वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, आणि हे फार धोक्याचं आहे. बाकी सगळं निर्दोष निघालं तरच त्याला हात, तोही मॅन्युअल समोर ठेवून.

जॅकवर

आता गाडी उचलायची, आणि इथं थांबून एक गोष्ट ऐका. इथल्या एमएक्स-5 चे सिल (दारांखालची पट्टी) गंजतात, मागच्या चाकापुढचा भाग सगळ्यात आधी, वरून रंग छान असतो आणि आत पत्रा पापडासारखा. सिलच्या जॅकिंग पॉइंटवर गाडी टेकवायच्या आधी तिथं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर तिथं स्टँड लावू नका. पुढून उचलायला ट्रॉली जॅक क्रॉसमेंबरच्या मधोमध, मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे, आणि एक्सल स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा खाली घालू नका. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीच जायचं नाही, कितीही छोटं काम असलं तरी.

चाक घड्याळाच्या 9 आणि 3 वर धरून हलवा, खेळ (म्हणजे प्ले) आला तर टाय रॉडची बाजू. मग 12 आणि 6 वर धरून हलवा, इथं खेळ आला तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोघांतलं कोणतं हे कळायला आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

खालच्या बॉल जॉइंटची गोष्ट वेगळी आहे. या गाडीत स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बर खालच्या विशबोनवर टेकतो, म्हणजे गाडीचं वजन खालच्या बॉल जॉइंटमधून जातं. चाक लटकवून ठेवलं की स्प्रिंग त्या जॉइंटला ताणून धरते आणि प्ले लपतो. म्हणून दुसरा जॅक खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाखाली लावून थोडं उचला म्हणजे जॉइंट मोकळा होतो, मग टायरखाली लांब पहार घालून चाक वर रेटा आणि जॉइंटकडे बघा. मी ओळखतो त्यातल्या दोन गाड्या चाक लटकवून तपासल्या तेव्हा ठीक होत्या आणि अशा तपासल्यावर कटकट वाजल्या. खालचा बॉल जॉइंट विशबोनला बोल्टनं बसतो, सुटा बदलता येतो. वरचा मूळचा विशबोनसकटच येतो, काही कंपन्या प्रेसनं बसवायचा सुटा देतात.

बाहेरचा टाय रॉड एंड बदलणे

हेच काम सगळ्यात जास्त लागतं म्हणून हे सविस्तर सांगतो. दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एक गेला की दुसरा फार मागे नसतो आणि अलाइनमेंटचे पैसे दोनदा द्यायला लागत नाहीत.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, सकाळी परत एकदा. दुचाकीला मारतात तो साधा स्प्रे नाही, खरं पेनिट्रेटिंग ऑइल. वायर ब्रशनं आटे घासून लख्ख करा, ही पंधरा मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात.

व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग उचलायची, स्टँड, चाक काढायचं. आता काहीही फिरवायच्या आधी माप घ्या. माप दोन प्रकारे घ्यायचं, एक म्हणजे एंडच्या बॉल पिनच्या मध्यापासून रॉडवरच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंत व्हर्नियरनं अंतर मोजून कागदावर लिहायचं, आणि दुसरं म्हणजे काढताना एंडचे फेरे मोजायचे, अर्धा फेरासुद्धा. फक्त फेऱ्यांवर विसंबू नका कारण नवीन एंडची लांबी जुन्याइतकीच असेल असं नाही, दुसऱ्या कंपनीचा असला तर हमखास थोडा फरक असतो. शक्य असेल तर जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता क्रम महत्त्वाचा. आधी लॉक नट (रॉडवर एंड पक्का धरणारा) सोडवायचा, एंड नकलमध्ये बसलेला असतानाच, कारण तेव्हा एंड पक्का धरलेला असतो. एंड आधी काढला आणि मग लॉक नट फिरवायला गेलात तर सगळंच गोल फिरतं आणि हात सोलवटतात. आतल्या रॉडला पाना धरायला चपटी जागा आहे, तिथं पाना धरून लॉक नट सोडवा. रॉड फिरला तर त्याच्यासोबत रबरी बूट पिळला जातो आणि फाटतो, म्हणून बुटाची बाहेरची क्लिप आधी सरकवून बूट रॉडवर मोकळा करा.

मग स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून त्यात घातलेली वाकवलेली पिन. माझी स्प्लिट पिन पक्कडीत धरली तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी तुटून हातात आली आणि अर्धी आतच राहिली. अशी राहिली तर नट सॉकेटनं नेटानं फिरवा, गंजलेली पिन बहुतेक वेळा नटानंच कापली जाते, नाहीतर बारीक ड्रिल. एंड फेकूनच द्यायचाय त्यामुळे त्याच्या बॉल पिनचं नुकसान झालं तरी हरकत नाही.

कॅसल नट (स्प्लिट पिनवाला, खाचांचा) सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू दे, म्हणजे जॉइंट सुटताना एकदम उसळून तुमच्या तोंडावर येणार नाही. आता बॉल पिन नकलच्या भोकात निमुळती बसलेली आहे, गंजानं घट्ट. सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे बॉल जॉइंट सेपरेटर, स्क्रूवाला, तो लावून आवळायचा आणि ताण आला की नकलच्या त्या कानावर बाजूनं हातोड्याचा एक टोला. धडाम असा आवाज येतो, दचकायचं नाही, सुटला म्हणून समजा. सेपरेटर नसेल तर दोन हातोडे, एक जड हातोडा कानाच्या एका बाजूला टेकवून धरायचा आणि दुसऱ्यानं समोरच्या बाजूनं जोरात मारायचं, म्हणजे भोक क्षणभर दबतं आणि पिन सुटते. पिनाच्या टोकावर वरून मारणारे खूप पाहिलेत, त्यानं आटे चेपतात, पिन फुगते आणि काम दुप्पट होतं. दोन टोकांचा पिकल फोर्क मिळतो तोही चालतो पण तो रबर फाडतो, त्यामुळे जॉइंट परत वापरायचा असेल तर अजिबात नको.

जुना एंड फेरे मोजत काढा. आतल्या रॉडचे आटे परत ब्रशनं साफ, त्यावर कॉपर ग्रीस थोडं, पुढच्या वेळी तुम्हीच स्वतःचे आभार मानाल. नवा एंड मोजलेल्या मापापर्यंत फिरवा. नकलमधलं निमुळतं भोक फडक्यानं पुसून कोरडं ठेवा, तिथं ग्रीस लावायचं नाही, निमुळती पिन कोरड्या घर्षणावरच धरून राहते. नट फिरवताना पिनच गोल फिरायला लागली तर घाबरू नका, एंडच्या खालून जॅकनं हलका दाब द्या, पिन भोकात बसते आणि नट चालू लागतो.

कॅसल नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचा, आणि मग स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचेसमोर आलं नाही तर नट थोडा आणखी आवळून पुढच्या खाचेवर न्यायचा, कधीही मागे सोडून जुळवायचं नाही. स्प्लिट पिन दरवेळी नवी. नव्या एंडसोबत नायलॉनवाला नट आला असेल तर तो एकदाच वापरायचा असतो, परत काढला तर नवा घ्या. लॉक नट हातानं लागेल एवढाच ठेवा, पूर्ण आवळायचा तो टो सेट झाल्यावर.

आतला टाय रॉड आणि बूट

आतला बदलायला बाहेरचा काढावाच लागतो, मग बूट सरकवून बाहेर. आतल्या जॉइंटला एक वॉशर असतो ज्याची कड ठोकून वाकवलेली असते, ती छिन्नीनं सरळ करायची. जॉइंट सोडवायला लांब नळीसारखं खास टूल मिळतं, ते भाड्यानं किंवा मित्राकडून आणा. सोडवताना आणि आवळताना सगळा जोर रॅकच्या दांड्यातून पिनियनच्या दातांवर जाऊ देऊ नका, ज्या बाजूला दांडा पान्यानं धरता येतो तिथं धरा. नवा वॉशर, नवा जॉइंट, वॉशरची कड परत ठोकून वाकवलेली, आणि बूट नवाच घाला, जुना कितीही बरा दिसला तरी. बुटाची आतली क्लिप लावताना तो सगळीकडून खाचेत बसलाय का ते बोट फिरवून बघा, एका ठिकाणी जरी उचललेला राहिला तरी पहिल्याच पावसात पाणी आत.

एमओटीला बॉल जॉइंटचं धूळरबर फाटलेलं बघतात, थोडं खराब असेल तर नोंद होते, पण धूळ आत जाईल इतकं गेलं असेल तर गाडी नापास. रबर फाटलं आणि जॉइंट अजून घट्ट असेल तर तो वेळीच बदला, फाटल्यावर जॉइंट फार टिकत नाही.

रॅक खरंच काढायचा असेल तर

सील गेलंय, तेल गळतंय, किंवा दांत झिजलेत, तेव्हाच. पूर्ण पद्धत मॅन्युअलमध्ये आहे, मी फक्त जिथं माणसं चुकतात ते सांगतो. स्टेअरिंग सरळ करून सीटबेल्ट त्यातून ओवून बांधून टाका, म्हणजे शाफ्ट सुटल्यावर ते गोल फिरणार नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत हे फारच महत्त्वाचं, आत रिबनसारखी वायर असते ती जास्त फेरे झाले की तुटते. एअरबॅगच्या गाडीत काम सुरू करायच्या आधी बॅटरी काढायची, आणि या गाडीत बॅटरी बॉनेटखाली नाही, डिकीत आहे. शाफ्ट आणि पिनियनवर पांढऱ्या रंगानं एकच रेघ मारून घ्या. नवा रॅक बसवायच्या आधी मधोमध करा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिनियनचे फेरे मोजायचे आणि निम्मे परत फिरायचे. तेल डेक्स्रॉन टू प्रकारचं एटीएफ, भरल्यावर पुढची चाकं हवेत ठेवून, इंजिन बंद असतानाच स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा, हवा निघते, मग इंजिन चालू.

टो आणि अलाइनमेंट

चाकं लावा, व्हील नट 88 ते 118 न्यूटन मीटरच्या मध्ये टॉर्क रेंचनं, गाडी खाली. अलाइनमेंटवाल्यापर्यंत पोचेपर्यंत टो ढोबळ मानानं बरोबर हवा, नाहीतर गाडी रस्त्यावर तिरकी पळते. गाडी चार-पाच मीटर पुढे ढकलून आणा, उचललेली गाडी खाली ठेवल्या ठेवल्या चाकं नीट बसलेली नसतात, ती चालवल्याशिवाय जागेवर येत नाहीत. मग दोन्ही टायरवर खडूनं रेघ मारा, रेघ पुढे असताना दोन रेघांमधलं अंतर टेपनं मोजा, गाडी पुढे सरकवून रेघा मागे आणा आणि तिथलं अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी पाहिजे, त्याला टो-इन म्हणतात. स्टेअरिंग सरळ असताना दोन्ही चाकं सरळ दिसली पाहिजेत, नसतील तर एक रॉड जेवढा आत तेवढाच दुसरा बाहेर फिरवा.

आणि अलाइनमेंटची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी एक काम करा. खालच्या विशबोनच्या आतल्या बाजूला गोल वॉशरवाले एक्सेंट्रिक बोल्ट आहेत, पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) त्यांनीच सेट होतो. इथल्या गाड्यांत ते बुशच्या (विशबोनच्या रबरी जोडाच्या) नळीत गंजून एकजीव झालेले असतात. पाना लावून बघा फिरतात का. फिरत नसतील तर अलाइनमेंटवाला फक्त टो सेट करून देईल आणि पैसे पूर्ण घेईल, कारण त्याच्याकडे ते सोडवत बसायला वेळ नसतो. आठवडाभर रोज पेनिट्रेटिंग ऑइल मारा, रोज थोडं हलवून बघा, उष्णता द्यायची तर रबर जळेल हे लक्षात ठेवा. अगदीच नाही हलले तर नवी बुश आणि नवे बोल्ट हा वेगळा वीकेंडचा उद्योग आहे, पण तो केला की गाडी पंधरा वर्षं तरुण होते.

अलाइनमेंट करणाऱ्याला सांगा की तुमच्या वजनाइतकं काहीतरी ड्रायव्हर सीटवर ठेव, एवढ्या हलक्या गाडीत एका माणसाच्या वजनानं आकडे बदलतात. काम झाल्यावर लॉक नट आवळलेत ना आणि बूट पिळलेला नाही ना हे तिथंच वाकून बघा, मोबाइलचा टॉर्च मारून. माझ्या गाडीचा उजवा बूट एकदा जिलबीसारखा पिळलेला मिळाला होता, तिथंच सरळ करून घेतला.

पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा रिकाम्या रस्त्यावर 20-30 मैलांच्या वेगानं, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा काही घासत नाही ना, मग स्टेअरिंग हलकं धरून सरळ जाते का बघा, मग ब्रेक मारून. साधारण 100 मैल झाले की गाडी परत उचला, स्प्लिट पिना जागेवर आहेत का, लॉक नट सैल झाले नाहीत ना, व्हील नट परत टॉर्कला, आणि कुणालातरी परत एकदा आत बसवून बोटं त्याच जोडावर ठेवा. मेहुणा तोपर्यंत पुण्याला परत गेला होता, त्यामुळे यावेळी मुलीला बसवलं, ती नऊ वर्षांची, सीटच्या टोकावर बसून तिनं स्टेअरिंग हलवलं आणि खालून मला बोटाखाली दोन्ही तुकडे एकदम, एकसाथ हलताना कळले.